पाणी देतेस तर वाटही दे

बाई, परवा तुझा फोन आला. वडिलांच्या वाटणीतून आलेलं डोंगराकडचं साडेतीन एकर विकायचं नाही, झरा आणि झाडं राखायला देऊन टाकायचं, असं तू म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो. फार बरं वाटलं आणि काळजीही वाटली. मोताळा, चिखली, मेहकर अशा तालुक्यांत बत्तीस वर्षं तलाठी म्हणून मी सातबारे लिहिले. धुऱ्यावरच्या वीतभर जागेसाठी कोर्टात गेलेले भाऊ रोज पाहिले, जमीन देणारे फार थोडे. त्या थोड्यांतलंही कितीतरी दान त्यांच्या माघारी विरून गेलं.

आपल्या घरातलंच सांगतो. १९७२ च्या दुष्काळात तुझ्या आईकडच्या आजोबांनी वावराच्या कोपऱ्यातली दहा गुंठे जागा गावाच्या विहिरीला दिली. पारावर शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडली. कागद करावा असं कुणाला सुचलं नाही, त्या वेळी घोटभर पाण्याची निकड होती. तीस वर्षं गाव त्या विहिरीचं पाणी प्यालं. सातबाऱ्यावर जागा मात्र आमच्याच नावाने चालत राहिली. पुढे वाटण्या झाल्या, ते वावर चुलत घराकडे गेलं, त्यांनी ते विकलं, आणि खरेदीखतात ‘विहिरीसह’ हा शब्द पडला. नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं. त्याच्या हातात खरेदीखत होतं, गावाच्या हातात फक्त आठवण. मी तेव्हा दुसऱ्या सज्जावर तलाठी होतो. घरचा सातबारा कितीदा तरी डोळ्यांखालून गेला, पण ती नोंद करून घ्यावी हे माझ्या मनात आलं नाही. ती चूक माझी. तुला आता जे सांगतोय, ते त्या विहिरीने शिकवलेलं आहे.

आधी तुझं काय आहे ते बघ

सातबारा आणि आठ-अ काढ, आणि तेवढ्यावर थांबू नकोस. जुने फेरफार माग. जमीन तुझ्या वडिलांकडे कशी आली आणि त्यांच्याकडून तुझ्याकडे कशी आली, हे फेरफारातच दिसतं. भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते पाहा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकू नकोस. ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर आधी तो फेडून कमी करून घे. बोजा असलेली जमीन देणं म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात कर्ज बांधणं.

तुझ्या बहिणींचा हिस्सा त्यात आहे का, हे नीट तपास. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. नाव तुझं एकटीचं लागलं असलं तरी वाटणीचा कागद पक्का आहे ना, ते पाहा. दुसऱ्याच्या हिश्श्याचं दान करता येत नाही. बहिणींना आजच बसवून सांग. आपल्या माघारी भाचरांनी खटला भरावा, त्यापेक्षा आज बहीण दोन दिवस रुसली तरी चालेल.

आणखी एक रकाना लोक वाचतच नाहीत. पोटखराबा. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार असतात. ‘अ’ म्हणजे लागवडीला नालायक जमीन, बरड, खडक. ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, तळं अशा सार्वजनिक वापराकडे असलेली. तुझा झरा किंवा त्याखालचा नाला ‘ब’ मध्ये आधीच लागलेला असेल तर त्यावर लोकांचा हक्क पूर्वीपासून आहे. तुला तो नव्याने द्यायचा नाही, फक्त मोकळा राखायचा आहे.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करून घे आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय पुढचं बोलू नकोस. शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्या दिवशी सगळ्यांना धुऱ्यावर उभं कर. मोजणीच्या खुणा रोवताना जो शेजारी हजर असतो, तो पुढे सहसा भांडत नाही. साडेतीनपैकी काहीच भाग द्यायचा विचार असेल तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात तो तुकडा बसतो का, हे तहसिलात आधी विचार.

भूदानाकडून शीक

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी विनोबांना शंभर एकर देऊ केले आणि भूदान सुरू झालं. विनोबांचा आश्रम आपल्याच विदर्भातल्या पवनारचा. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून इथे १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागला. विदर्भातल्या भूदानाच्या जमिनींचे कागद त्याच कायद्याचं नाव सांगतात. देशभरात चाळीस लाख एकरांच्या वर जमीन लोकांनी देऊ केली. जगात असं दुसरीकडे कुठे घडलं असेल असं मला वाटत नाही.

पण त्यातली बरीच जमीन भूमिहीनापर्यंत पोचलीच नाही. काही खडकाळ निघाली, काहींवर आधीच वाद होता, काहींची दानपत्रं झाली पण ताबा आणि नोंद राहून गेली. दात्याचं मन मोठं होतं, दानपत्रावर सही होती, तरीही जमीन जागच्या जागी राहिली. मनापासून दिलेलंही कागद, ताबा आणि राखणदार यांच्यावाचून पोचत नाही, हा धडा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

कुणाला द्यायचं, ते झऱ्याला विचार

चार दारं आहेत. चारही नीट पाहा.

पहिलं, ग्रामपंचायत. गावाने रोज वापरायची जागा असेल, म्हणजे पाणवठा, पांदण, तळं, तर पंचायतीला देणं सरळ. पण ग्रामसभेचा ठराव आधी हवा, आणि त्यात जागेचा गट क्रमांक, क्षेत्र आणि कशासाठी घेतली ते लिहिलेलं हवं. पाच वर्षांनी पंचायत बदलते. मोकळी जागा दिसली की तिथे सभामंडप, दुकानगाळे असे विचार सुरू होतात. आपल्याकडच्या ई-क्लास, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनींचं काय झालं, ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. गुरांची चराई होती तिथे आज पत्र्याची घरं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या राखा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. निकाल कामाचा आहे, पण तो वापरायला गावात कुणीतरी उभं राहावं लागतं.

दुसरं, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास. याची एक भक्कम बाजू आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे न्यासाला आपली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांच्या वर भाड्यानेही देता येत नाही. म्हणजे विश्वस्त बदलले तरी दाराला कडी राहते. पण तुझी जमीन न्यासाच्या मिळकतीत चढली पाहिजे. बदल अर्ज दाखल झाला का आणि मंजूर झाला का, हे स्वतः जाऊन बघ.

इथे विदर्भातली एक गोष्ट पुण्या-मुंबईचे वकील कधी कधी विसरतात. आपला कुळकायदा वेगळा आहे, १९५८ चा, विदर्भापुरता. त्याच्या ८९ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला जशी बंदी आहे, तशी बक्षीस द्यायलाही आहे. न्यासाला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घे. परवानगी नंतर काढू म्हणून केलेलं बक्षीसपत्र पुढे फेरफाराच्या वेळी अडकतं.

तिसरं, वनखातं. जमीन एकदा वन म्हणून अधिसूचित झाली की १९८० च्या वन संवर्धन कायद्याचं कुलूप लागतं आणि केंद्राच्या मान्यतेवाचून तिचा दुसरा वापर होत नाही. इतकं पक्कं कुलूप दुसरं नाही. पण ते सगळ्यांनाच लागतं. झऱ्यावर येणारी गावची गुरं, पळसाची पानं तोडणाऱ्या बाया, सगळ्यांची वाट त्या दिवसापासून खात्याच्या नियमाने चालेल. तुला ते हवं आहे का, हे मनाशी ठरव.

चौथं दार फार कमी लोकांना ठाऊक आहे. मालकी तुझ्याकडेच ठेवूनही जमीन राखता येते. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ आलं. एखाद्या माणसाने किंवा गावाने आपणहून वन्यजीव राखायचं ठरवलं तर सरकार खासगी जमीनही तशी जाहीर करू शकतं. मग त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय तिचा वापर बदलता येत नाही, म्हणजे तुझ्या वारसालाही तिथे प्लॉट पाडता येणार नाहीत. १९२७ च्या वन कायद्याचं ३८ वं कलमही असंच आहे. मालकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विनंती केली तर वनाधिकारी त्याच्या वतीने ती जमीन वन म्हणून सांभाळू शकतात. तुझ्यासारखीला, जिला झरा हवा पण नाव सोडायची घाई नाही, हे दार आधी ठोठावून बघावं असं मला वाटतं.

झरा द्यायचा तर झऱ्याचं डोकं दे

झरा जिथे फुटतो तेवढे चार गुंठे देऊन झरा राखला जात नाही. पाणी वरच्या उतारावर मुरतं आणि काळ्या खडकाच्या भेगांतून खाली येतं. लोणारचंच बघ. सरोवर सरकारने अभयारण्यात राखलं, २०२० मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, पण विवरात उतरणाऱ्या झऱ्यांचं पाणी भोवतालच्या पठाराखालून येतं. तुझ्या झऱ्याच्या वरचा उतार तुझा असेल तर तो आधी दे. शेजाऱ्याचा असेल तर त्याच्याशी बोल. त्याने तिथे बोअर घेतली तर तुझं दान दोन उन्हाळ्यांत कोरडं पडेल.

नाल्याकाठची पट्टीही तोडू नकोस. डिसेंबर २०१९ मध्ये एक वाघ यवतमाळच्या टिपेश्वरातून निघून, तेलंगणाच्या कडेने फिरून, तेराशे किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. तो अभयारण्यातून अभयारण्यात उडी मारून आलेला नाही. पऱ्हाटी-तुरीची वावरं, नाल्याची झुडपं, लोकांच्या खासगी जमिनी यांतून तो रात्री चालत आला. ज्ञानगंगा दोनशे पाच चौरस किलोमीटरचं. एवढं मोठं जंगल लहान लहान पट्ट्यांवाचून एकटं पडतं. तुझी ओढ्याकाठची पंधरा हात रुंद पट्टी म्हणूनच मोलाची. तिथे कुंपण घालू नकोस, तारेचं तर नाहीच.

पाणी देतेस तर वाटही दे

दहा जणांपैकी नऊ जण इथेच चुकतात. झरा दिला, तळं दिलं, पण तिथे जायची वाट दात्याच्या उरलेल्या वावरातून. दाता असेपर्यंत कुणी अडवत नाही. पुढचा मालक नांगर घालतो. मग तहसिलात रस्त्याची केस, तारखा, आणि बाया हंडे घेऊन लांबच्या वाटेने. बक्षीसपत्रातच वाटेची रुंदी, कुठून कुठपर्यंत आणि कुणाच्या गटातून, असं लिही. बैलगाडी जाईल एवढी तरी रुंदी ठेव. मोजणीच्या नकाशावर ती वाट आखून घे आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ मध्ये नोंदव. वाट नोंदली नाही तर दान अर्धंच झालं असं समज.

कागद असा कर

बक्षीसपत्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने होतं. नोंदणीकृत हवं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि घेणाऱ्याने ते तुझ्या हयातीत स्वीकारलेलं हवं. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. पंचायत असेल तर स्वीकृतीचा ठराव, न्यास असेल तर विश्वस्तांचा ठराव पत्राला जोड. मृत्युपत्रात लिहून ठेवू नकोस. आपण गेल्यावर मृत्युपत्र सगळ्यांत आधी वारसांच्या हातात पडतं, आणि आपली बाजू सांगायला आपण नसतो.

‘जमीन कधीही विकू नये’ एवढंच लिहून निवांत होऊ नकोस. पूर्ण विक्रीबंदीची नुसती अट कायद्यापुढे टिकत नाही. ‘मनात आलं की परत घेईन’ असं लिहिलंस तर दानच रद्द ठरेल. त्याऐवजी उद्देश स्पष्ट शब्दांत लिही: झरा, झाडं, गवत, वन्यप्राणी आणि गावचं पाणी यांच्यासाठी. तो उद्देश मोडला तर जमीन कोणत्या दुसऱ्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल, तेही लिही. इथली वाक्यरचना जाणत्या वकिलाकडून करून घे. मुद्रांक शुल्क किती, हे घेणारा कोण यावर ठरतं, दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून पैसे बाजूला ठेव. आणि नोंदणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नवं नाव उमटलेलं डोळ्यांनी पाहा.

गावाला आधी सांग, नंतर नव्हे

बंद केलेल्या जमिनीवर सगळ्यांत जास्त रागावतात ते ज्यांचं पोट तिच्यावर होतं ते. तुझ्या बरडावर कुणाच्या शेळ्या चरतात, कोण सरपण नेतं, हे उन्हाळ्यात आठ दिवस राहून बघ. त्यांना हाकलून झाडं वाढत नाहीत. चराई बंद कर, पण पोळ्यानंतर गवत कापून न्यायचा हक्क त्याच घरांना लेखी दे. कापलेलं गवत गोठ्यात जातं आणि वणव्याचं भयही कमी होतं. शेजारच्या वाशिम-अकोल्यात फासेपारधी बांधवांनी गवताचे माळ राखले, तिथे तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी येतो. ज्यांना आपण शिकारी म्हणून नावं ठेवली, त्यांच्या हातून ते झालं.

झाडं लावायची घाईही करू नकोस. गुरं थांबली की पळस, सालई, धावडा, टेंभुर्णी आपापली उठतात, त्यांची मुळं जमिनीत जिवंत असतात. उघडा माळ दिसला की खड्डे खोदू नकोस, तो तित्तराचा आणि सशाचा संसार आहे. माघ-फाल्गुनात कडेने जाळरेषा मात्र न चुकता काढ.

थोडं दे, मग बघ, मग दे

शेगावच्या संस्थानासाठी हरी पाटलांनी सरकारकडे जागा मागितली, ती गोष्ट गजानन विजय पोथीत आहे, तू आजीच्या मांडीवर ऐकली असशील. बुलढाण्याच्या साहेबाने एक एकर मंजूर केला आणि वर्षभरात ही जागा नीट केलीत तर आणखी देईन असं सांगितलं. त्या साहेबाची रीत मला कायम पटली. तूही आधी झरा, त्याचं डोकं आणि वाट मिळून एक एकर दे. दोन पावसाळे बघ. राखण झाली तर पुढचं दे.

राखणीसाठी पैसाही लागतो. जाळरेषेची मजुरी, धुऱ्याचे दगड, पाणवठ्यातला गाळ, हा खर्च दरवर्षी येतो. जमीन देताना छोटी ठेवही ठेव, तिच्या व्याजात हे भागावं. ते जमत नसेल तर क्षेत्र थोडं कमी दे, पण राखणीवाचून देऊ नकोस. आणि स्वतःच्या म्हातारपणापुरतं काही हाताशी राहू दे. उद्या औषधाला पैसे नसले की दिलेल्या जमिनीकडे बघून जीव तळमळतो, आणि त्या तळमळीत माणूस दान मोडायला निघतो. मी तसं झालेलं पाहिलं आहे.

शेवटचं, साक्षीदार

मृगाच्या आधी ये. आपण दोघं धुऱ्याने एक फेरी मारू, मी तुला जुन्या खुणा दाखवीन. मग मोजणीचा अर्ज भरू. दुय्यम निबंधकाकडे जाशील त्या दिवशी मी सोबत येईन, बाहेर बाकावर बसेन.

पण सही मागू नकोस. मामाची सही असावी असं तुझ्या मनात असेल, मलाही ते आवडलं असतं. आजोबांच्या विहिरीचा वाद उठला तेव्हा पारावर तो शब्द ऐकलेले सगळे जण जाऊन चुकले होते. सांगायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून साक्षीला गावातली पंचविशीतली दोन माणसं घे, शक्यतो त्या झऱ्यावर गुरं पाजणारी. त्यातली एक मुलगी असू दे. अजून पन्नास वर्षांनी कुणी कुंपण घालायला आलं, तर ‘ही जमीन बाईंनी झऱ्यासाठी दिली, मी तिथे होते’ असं सांगायला ती असली पाहिजे.